झाकून बाळगण्यासाठी लहान रिव्हॉल्व्हर कसे निवडावे : नाशिकच्या नव्या परवानाधारकासाठी

नाशिकमध्ये शस्त्र परवाना मागणारी मंडळी बहुधा ठरलेल्या व्यवसायांतील असतात. सराफ बाजारातील पेढीवाले, लासलगाव-पिंपळगावकडे रोकड घेऊन जाणारे कांदा आणि द्राक्षांचे व्यापारी, महामार्गावरचे पेट्रोल पंपचालक, जमिनीच्या व्यवहारांत वैर पत्करलेले बांधकाम व्यावसायिक, अशी ती यादी आहे. परवाना हाती आला की त्यांचा पहिला प्रश्न ‘कोणते घेऊ?’ असा असतो, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा एखाद्या स्नेह्याकडून मिळते, ज्याने स्वतःचे रिव्हॉल्व्हर दहा वर्षांपूर्वी घेऊन तिजोरीत ठेवलेले असते. तिजोरीत ठेवायच्या शस्त्राची निवड आणि रोज कमरेला लावायच्या शस्त्राची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे शस्त्र रोज दहा तास अंगावर राहणार आहे, पायऱ्या चढताना, गाडी चालवताना, पंगतीत मांडी घालून बसताना टोचणार आहे आणि बहुधा आयुष्यभरात एकदाही खऱ्या प्रसंगी झाडले जाणार नाही, त्याची निवड त्या दहा तासांचा विचार करूनच करावी लागते. ते तास सुसह्य झाले नाहीत, तर दोन महिन्यांत शस्त्र कपाटात जाते आणि परवान्याचे कारणच उरत नाही.

पहिली पायरी परवान्याची आहे, आणि ती पूर्ण होण्याआधी दुकानात जाऊन बयाणा देण्याचा उत्साह आवरावा. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार सर्व कारभार चालतो. नाशिक शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहणाऱ्याने पोलीस आयुक्तांकडे, तर निफाड, सिन्नर, दिंडोरी, येवला अशा ग्रामीण भागात राहणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजेच जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावयाचा असतो. घर एका हद्दीत आणि पेढी दुसऱ्या हद्दीत असेल, तर राहत्या पत्त्याची हद्द धरावी. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. अर्जासोबत ओळख आणि पत्त्याचे पुरावे, शारीरिक व मानसिक आरोग्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. त्यानंतर पोलीस ठाण्याकडून चौकशी होऊन अहवाल जातो. ‘मला भीती वाटते’ एवढ्यावर परवाना मिळत नाही. धमकीची तक्रार, पूर्वी झालेली लूट, नियमित रोकड वाहतुकीचे बँक व्यवहार असा कागदोपत्री आधार असलेला अर्ज टिकतो. अर्ज फेटाळला गेल्यास अधिनियमाच्या कलम १८ नुसार अपील करता येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आणि एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली. ज्यांच्याकडे वडिलोपार्जित बारा बोअरची बंदूक आधीच आहे, त्यांनी हा हिशेब आधी करावा.

परवाना हाती आल्यावर तो खुर्चीवर बसून शांतपणे वाचावा, कारण खरी निवड तिथूनच सुरू होते. त्यावर शस्त्राचा प्रकार, बोअर (म्हणजे नळीच्या आतले माप), ज्या क्षेत्रात शस्त्र नेता येईल ते क्षेत्र आणि काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. ज्याचा परवाना महाराष्ट्रापुरता आहे, त्याने ते शस्त्र घेऊन सापुताऱ्याला सहल काढली, तर हातगडचा घाट ओलांडताच तो गुजरातेत बेकायदा शस्त्र बाळगणारा ठरतो. नाशिकच्या माणसाला सीमा इतकी जवळ आहे की ही चूक सहज होते. परवान्याच्या अटींचा भंग हा कलम ३० नुसार गुन्हा आहे.

‘लपवून बाळगणे’ या शब्दाने काहींच्या मनात अकारण धास्ती बसते. आपल्याकडचे नियम उलट असे सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हातात मावणारे शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्णपणे झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या थेट ताब्यात असावे. ते उघड मिरवणे, उपसून दाखवणे किंवा लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे यांना मनाई आहे. हर्षफायरिंगला तर २०१९ पासून स्वतंत्र शिक्षा आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे झाकून बाळगता येईल असे लहान शस्त्र निवडणे ही नियमाला धरूनच असलेली गोष्ट आहे. ‘थेट ताब्यात’ या शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्यावे. मोटारीच्या डॅशबोर्डचा कप्पा किंवा स्कूटरची डिक्की म्हणजे ताबा नव्हे.

दुसरी पायरी म्हणजे बाजारात काय मिळते याची मर्यादा ओळखणे. या विषयावर जे वाचायला आणि पाहायला मिळते त्यातले बहुतेक अमेरिकेतले असते. तिकडे पाच गोळ्यांचे, दोन इंचांहूनही आखूड नळीचे, .३८ स्पेशल काडतुसाचे रिव्हॉल्व्हर हा खिशात बाळगण्याचा जुना प्रकार आहे. स्मिथ अँड वेसन कंपनीने १९५० साली बाजारात आणलेल्या लहान सांगाड्याच्या रिव्हॉल्व्हरपासून ही परंपरा रुजली. आपल्या परवानाधारकाच्या दृष्टीने ही सगळी चर्चा दुसऱ्याच्या ताटातल्या पुरणपोळीसारखी आहे. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून खासगी व्यक्तींसाठी शस्त्रांची आयात जवळजवळ बंद आहे आणि सेनादले व पोलीस यांच्या वापरातील ९ मिलिमीटर, .४५, .४५५, .३८० अशी काडतुसे चालवणारी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. सामान्य परवान्यावर मिळते ते अप्रतिबंधित बोअरचे शस्त्र, आणि लहान रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत त्याचा व्यवहारी अर्थ .३२ किंवा .२२ असाच होतो.

.३२ म्हणताना नवखा माणूस एका ठिकाणी हमखास चुकतो. रिव्हॉल्व्हरचे .३२ काडतूस हे ‘स्मिथ अँड वेसन लाँग’ जातीचे असते. त्याच्या बुडाला कडा असते, गोळी साधारण ९८ ग्रेनची, म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपासची असते. पिस्तुलाचे .३२ काडतूस ‘एसीपी’ जातीचे, त्याहून आखूड आणि वेगळ्या घडणीचे असते. दोन्हींना दुकानात ‘बत्तीस’च म्हणतात. परवान्यावर रिव्हॉल्व्हर लिहिले आहे की पिस्तूल, आणि खोक्यावर कोणती जात छापली आहे, हे दोन्ही पाहिल्याशिवाय काडतुसे घेऊ नयेत. पिस्तुलाचे काडतूस कधीकधी रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे काडतूस भरायच्या भोकात, बसते, पण बसते म्हणून ते चालवायचे नसते.

.३२ हे शक्तीच्या दृष्टीने मध्यम काडतूस आहे. त्याचा झटका सौम्य असतो, आणि नेम साधण्याच्या क्रीडाप्रकारांत ते जगभर वापरले गेले आहे. ‘एवढ्याशा गोळीने काय होणार’ असे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे. हवी तिथे लागलेली .३२ ची गोळी चुकलेल्या कोणत्याही मोठ्या गोळीपेक्षा उपयोगी असते, आणि चुकलेली गोळी रविवार कारंज्याच्या गर्दीत कोणाला तरी लागतेच. .२२ चे रिव्हॉल्व्हर अतिशय हलके असते आणि झटका जवळजवळ जाणवत नाही. परंतु त्या काडतुसाचे स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असल्याने ते न पेटण्याचे प्रमाण मध्यावर टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त असते, आणि गोळीचे वजनही अडीच ग्रॅमच्या आसपासच असते. ज्यांच्या हातात संधिवातामुळे किंवा वयामुळे जोर उरलेला नाही, त्यांच्यासाठी .२२ चा विचार करावा. इतरांनी .३२ घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष शस्त्रांकडे वळू. कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनणारे पारंपरिक .३२ रिव्हॉल्व्हर हे इंग्रजी वेब्ली घडणीचे, सहा गोळ्यांचे, मधून मोडून उघडणारे आहे. देशात परवान्यावर सर्वाधिक दिसणाऱ्या रिव्हॉल्व्हरांमध्ये त्याची गणना होते. ‘निर्भीक’ हे २०१४ मध्ये कानपूरहूनच आले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅमवर आले, आणि महिलांसाठीचे शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. ‘निडर’ हे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्याचे .२२ चे रिव्हॉल्व्हर असून त्याचे वजन अवघे २५० ग्रॅम आहे. ‘प्रबल’ हे २०२३ च्या ऑगस्टमध्ये दाखल झाले. आयुध निर्माणी मंडळाचे २०२१ मध्ये सात कंपन्यांत विभाजन झाले, त्यांपैकी कानपूरच्या कंपनीचे हे रिव्हॉल्व्हर सुमारे ७०० ग्रॅमचे, ७६ मिलिमीटर नळीचे आणि सिलिंडर (काडतुसांची घरे असलेले फिरते नळकांडे) बाजूला उघडणारे आहे. खासगी क्षेत्रात उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात संडीला येथे वेब्ली अँड स्कॉट नावाने .३२ चे रिव्हॉल्व्हर बनू लागले आहे. याखेरीज जुनी, आयात बंद होण्यापूर्वीची विलायती आणि अमेरिकन रिव्हॉल्व्हर परवानाधारकांमध्ये हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती नव्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतात. नव्या शस्त्राचा खर्च धरताना वस्तू व सेवा कर विसरू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलांवरील कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला आहे, म्हणून एखाद्याने दोन वर्षांपूर्वी दिलेली किंमत आज ग्राह्य धरता येत नाही.

तिसऱ्या पायरीत वजन ठरवावे, आणि यासाठी शस्त्राची गरजच नाही. किराणा दुकानात असतात तशी लोखंडी वजने घ्यावीत. एक अर्ध्या किलोचे घ्यावे, आणि दुसऱ्या वेळी त्याच्या जोडीला दोनशे ग्रॅमचे घेऊन सातशे ग्रॅम करावेत. ती जाड कापडाच्या पिशवीत शिवून, शस्त्र जिथे लावायचा विचार आहे तिथे पट्ट्याला बांधावीत आणि आठवडाभर नेहमीची कामे करावीत. पंचवटीच्या कारंज्यापासून मेनरोडपर्यंत चालावे, मोटारसायकलवर ओझरपर्यंत जाऊन यावे, पेढीवरच्या गादीवर बसावे, देवळात वाकून नमस्कार करावा. पाचशे ग्रॅम आणि सातशे ग्रॅम हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. संध्याकाळी सहा वाजता कमरेच्या हाडावर तो क्षुल्लक राहत नाही. हा प्रयोग केलेल्यांपैकी काहींचा निर्णय आठवड्याच्या मध्यावरच बदलतो. पट्टा सैल असतो, पॅन्ट खाली ओढली जाते, शर्ट एका बाजूने फुगतो, आणि चारचौघांत हात सारखा तिकडे जातो. हा हात जाणे फार वाईट. ज्याला झाकून बाळगायचे आहे, त्याने दर पाच मिनिटांनी तिथे चाचपून पाहिले, तर झाकण्याला काही अर्थ उरत नाही.

या प्रयोगाचा निष्कर्ष ‘हलके तेच बरे’ असा घाईने काढू नये. हलके रिव्हॉल्व्हर कमरेला सुख देते आणि हाताकडून त्याची किंमत वसूल करते. काडतूस तेच असेल, तर शस्त्राचे वजन जितके कमी तितका मनगटाला बसणारा झटका जास्त. .३२ चा झटका मुळात सौम्य असल्याने पाचशे ग्रॅमच्या शस्त्रातही तो सोसण्यासारखा असतो. तरी पहिल्या गोळीनंतर नळी किती उचलली जाते आणि दुसरा नेम किती वेळात बसतो, यात फरक दिसतो, आणि सराव न करणाऱ्या माणसाला तो अधिक भोवतो. ज्याला जाड पट्टा आणि सैल शर्ट घालण्याची सवय आहे, त्याने सातशे ग्रॅमच्या आसपासचे घ्यावे. दिवसभर शर्ट खोचून बसावे लागते किंवा साडी नेसून बाहेर पडावे लागते, अशांसाठी पाचशे ग्रॅमचे शस्त्र ही तडजोड मान्य करण्याजोगी आहे. अडीचशे ग्रॅमच्या .२२ च्या मोहात केवळ वजनासाठी पडू नये.

चौथी पायरी म्हणजे दुकानात शस्त्र हातात घेणे. परवाना दाखवल्यावर परवानाधारक विक्रेता शस्त्र दाखवतो. त्याने दिले तरी आपण सिलिंडर उघडून सहाही घरे डोळ्यांनी आणि बोटाने तपासावीत, आणि तपासल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. शस्त्र रिकामे आहे असे विक्रेत्याने सांगितले म्हणून आपले तपासणे टळत नाही. चांगला विक्रेता या सवयीने रागावत नाही, उलट समाधान पावतो.

मूठ धरली असता हाताची करंगळी मुठीवर राहते की हवेत, हे पाहावे. लहान रिव्हॉल्व्हरच्या मुठी आखूड असतात आणि जाड बोटांच्या माणसाची करंगळी खाली लोंबते. तसे झाले, तर झटक्यात शस्त्र हातात फिरते. मूठ बदलता येते का, हे विचारावे, मात्र मूठ वाढवली की झाकणे कठीण होते, कारण कपड्यातून दिसते ती नळी नसून मूठ असते. पुष्कळ जण आखूड नळीच्या मागे लागतात. नळी पॅन्टच्या आत जाते, तिची लांबी एक इंच कमी-अधिक झाल्याने बाहेरून काहीच कळत नाही. तीन इंच, म्हणजे ७६ मिलिमीटरची नळी झाकायला सोपी असते, आणि दोन इंचांच्या नळीपेक्षा नेमाची माशी (नळीच्या टोकावरचा उंचवटा) आणि मागची खाच यांतील अंतर वाढल्याने नेम सरळ लागतो.

पुढे चाप पाहावा. इथे शब्दांचा घोळ टाळण्यासाठी सांगतो : बोटाने ओढतो तो चाप आणि मागून आपटतो तो घोडा. रिव्हॉल्व्हर दोन प्रकारे झाडता येते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून ठेवला, तर चाप हलका आणि आखूड होतो. घोडा न चढवता नुसता चाप ओढला, तर तो लांब आणि जड असतो, कारण तेवढ्याच ओढीत घोडा चढतो, सिलिंडर फिरतो आणि मग घोडा सुटतो. संरक्षणासाठी बाळगणाऱ्याने दुसऱ्या प्रकाराचाच विचार करावा. तो जडपणा हीच रिव्हॉल्व्हरची खरी सुरक्षा आहे, कारण घाबरलेल्या बोटाचा नुसता स्पर्श त्याला पुरत नाही. चढवलेला घोडा घेऊन थरथरत्या हाताने उभे राहणे आणि नंतर तो घोडा भरल्या काडतुसावर हळूच उतरवण्याचा प्रयत्न करणे, या दोन्ही गोष्टींतून अपघात होतात. विक्रेत्याच्या परवानगीने, डमी काडतुसे घालून आणि नळी सुरक्षित दिशेला ठेवून, सलग सहा वेळा लांब चाप ओढून पाहावा. शेवटच्या दोन वेळा बोट थरथरले किंवा माशी डावी-उजवीकडे भटकली, तर ते शस्त्र आपल्या हातासाठी नाही, मग ते कितीही नामांकित असो.

घोड्याचे टोक बाहेर आलेले असेल, तर ते शर्टाच्या अस्तरात किंवा पदरात अडकते. आपल्याकडच्या बहुतेक रिव्हॉल्व्हरना बाहेर आलेला घोडाच असतो, त्यामुळे हा दोष पत्करून होल्स्टर आणि कपडे त्याप्रमाणे निवडावेत. कानशीने टोक घासून काढण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. शस्त्रात असा बदल करणे धोक्याचे आहे आणि परवानाधारकाला अडचणीत आणणारेही.

उघडण्याच्या पद्धतीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण विक्रेते याविषयी क्वचितच बोलतात. मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये वरची कडी दाबली की नळी आणि सिलिंडर पुढे झुकतात आणि सगळी रिकामी काडतुसे एकाच वेळी वर येतात. ही सोय सुरेख आहे, आणि रिव्हॉल्व्हर रिकामे आहे हे एका नजरेत दिसते, जे नवख्यासाठी मोलाचे. त्याचा कच्चा दुवा म्हणजे ती कडी आणि बिजागरी. जुन्या, भरपूर वापरलेल्या शस्त्रात कडी झिजलेली असते आणि नळी धरून हलवल्यास ती किंचित खेळते. असा खेळ जाणवला, तर शस्त्र घेऊ नये. बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचा सांगाडा वरूनही बंद असल्याने तो अधिक भक्कम असतो. मात्र लहान शस्त्रात काडतुसे ढकलणारा दांडाही आखूड असतो, त्यामुळे नळी आकाशाकडे करून तो जोरात दाबावा लागतो, नाहीतर एखादे काडतूस अर्धवट अडकते. रोज भरणे आणि रिकामे करणे ज्याला करावे लागणार आहे, त्याने दोन्ही पद्धती हाताळून आपल्या बोटांना विचारावे. मला स्वतःला बाजूला उघडणारे अधिक आवडते.

पाचवी पायरी जुने शस्त्र घेणाऱ्यांसाठीच आहे, पण नाशिकमध्ये वारसाहक्काने आलेली बरीच रिव्हॉल्व्हर विक्रीला येत असल्याने ती टाळता येत नाही. जुन्या शस्त्रांपैकी काहींमध्ये घोड्यावर आघात झाल्यास सुई काडतुसापर्यंत पोहोचू न देणारी अडसराची रचना नसते. असे शस्त्र हातून पडले, तर गोळी सुटू शकते. त्यासाठी जुने जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवून पाचच गोळ्या भरत असत, आणि अशा शस्त्राबाबत तोच नियम आजही पाळावा. अडसर आहे की नाही, हे विक्रेत्याकडून नव्हे तर शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे. याशिवाय रिकाम्या शस्त्राचा चाप पूर्ण ओढून धरला असता सिलिंडर डावी-उजवीकडे फिरता कामा नये, घोडा चढवून मागून अंगठ्याने दाबल्यास तो सुटता कामा नये, नळीत उजेड टाकून पाहिल्यावर आट्यांच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा स्पष्ट दिसाव्यात आणि गंजाचे खड्डे नसावेत. शस्त्रावरचा क्रमांक आणि परवान्यावरचा क्रमांक एकेक अंक वाचून जुळवावा. क्रमांक पुसट झाला असेल किंवा पुन्हा ठोकल्यासारखा दिसत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी तिथून उठावे. ‘कागद नंतर होतील’ असे सांगून देऊ केलेले कोणतेही शस्त्र आणि गावठी कट्टा यांत कायद्याच्या दृष्टीने फरक नाही, आणि विनापरवाना शस्त्रासाठी २०१९ नंतर शिक्षेची किमान मर्यादाच दोन वर्षे झाली आहे.

सहावी पायरी होल्स्टरची आहे. सव्वा-दीड लाखाचे शस्त्र घेणारा माणूस होल्स्टरसाठी दोनशे रुपयांवर घासाघीस करतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. चांगल्या होल्स्टरची कसोटी एवढीच की चाप आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकले जावे, उलटे धरून हलवले तरी शस्त्र खाली पडू नये आणि एका हाताने काढता व परत ठेवता यावे. कापडी, ढिले, सगळ्या मापांना चालणारे होल्स्टर घेऊ नये. पट्टा दीड इंच रुंदीचा आणि दुपदरी असावा, कारण वजन होल्स्टरवर नव्हे तर पट्ट्यावर तोलले जाते. पॅन्टच्या आत, उजव्या नितंबाच्या किंचित पुढे बसणारे होल्स्टर सैल नेहरू शर्ट किंवा न खोचलेल्या सदऱ्याखाली उत्तम झाकले जाते. दुचाकीवर वाकून बसल्यावर मागे लावलेल्या शस्त्राची मूठ शर्टातून वर येते, म्हणून दुचाकीस्वाराने ती जागा पुढे सरकवावी. खिशात बाळगायचे असेल, तर खिशाचे स्वतंत्र होल्स्टर घ्यावे आणि त्या खिशात किल्ली, नाणी, मोबाइल, तंबाखूची डबी यांपैकी काहीही ठेवू नये. महिलांना पर्समध्ये ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पर्स हिसकावली गेली की शस्त्रच चोराच्या हाती जाते, त्यामुळे मी तो देणार नाही. पर्सशिवाय पर्यायच नसेल, तर स्वतंत्र बंद कप्प्याची, खांद्यावरून तिरकी घालायची पर्स असावी आणि ती क्षणभरही खुर्चीच्या पाठीला लटकवू नये.

चामड्याच्या होल्स्टरविषयी एक अनुभव सांगतो. इगतपुरीच्या बाजूला एका पावसाळ्यात माझे शस्त्र दोन आठवडे होल्स्टरसकट कपाटात राहिले. चामडे ओल धरून ठेवते आणि कमावताना वापरलेली रसायनेही त्यात उरतात. बाहेर काढले तेव्हा सिलिंडरच्या एका बाजूवर तांबूस ठिपक्यांची रांग उमटली होती. तेव्हापासून घरी आल्यावर शस्त्र होल्स्टरमधून काढणे, कोरड्या सुती फडक्याने पुसणे, तेलाचा अगदी पातळ हात फिरवणे आणि वेगळे ठेवणे हा माझा नियम आहे. उन्हाळ्यात नाशिकचा पारा चाळिशीकडे जातो तेव्हा पावसाऐवजी घाम तेच काम करतो. अंगाला लागून राहणारी बाजू रोज पुसावी लागते.

सातवी पायरी सरावाची. रिव्हॉल्व्हर घेताना त्याची काडतुसे मिळतात का आणि परवान्यावर वर्षाला किती मिळू शकतात, हे आधीच पाहावे, कारण ती मर्यादा फार मोठी नसते. पुण्याजवळ खडकीच्या दारूगोळा कारखान्याची काडतुसे ‘केएफ’ या खुणेने ओळखली जातात. सराव मान्यताप्राप्त नेमबाजी केंद्रातच करावा. शेतात, नदीपात्रात किंवा गंगापूर धरणाच्या मागच्या माळावर ‘एक बार काढून पाहू’ हा प्रकार गुन्हा ठरतो, आणि गोळी कुठे जाऊन पडेल यावर आपला ताबा नसतो. काडतुसे थोडी असल्याने बराचसा सराव घरी डमी काडतुसांनी, खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, भक्कम भिंतीकडे तोंड करून करावा. लांब चाप सरळ मागे ओढताना माशी न हलू देणे एवढेच त्यात साधायचे असते. अंगठा सिलिंडरच्या पुढच्या टोकाजवळ कधीही नेऊ नये, कारण सिलिंडर आणि नळी यांमधल्या फटीतून प्रत्येक गोळीबरोबर तापलेला वायू बाहेर फेकला जातो आणि कातडी भाजते. पिस्तुलाची सवय असलेल्या माणसांकडून ही चूक अधिक होते. काडतूस न पेटल्यास रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचे घर समोर येते. नवख्या माणसाने पिस्तुलाऐवजी रिव्हॉल्व्हर घ्यावे, याचे माझ्या दृष्टीने हे सर्वांत मोठे कारण आहे. सरावात मात्र असे झाले, तर नळी लक्ष्याकडे ठेवून अर्धा मिनिट थांबावे आणि मगच सिलिंडर उघडावे.

घरात शस्त्र आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपांत ठेवावीत. मुले असलेल्या घरात कपाटावरची उंच जागा ही सुरक्षित जागा नसते. सुटीत आलेली भाचवंडे तिथपर्यंत पोहोचतातच. शस्त्र हरवले किंवा चोरीस गेले, तर तत्काळ पोलीस ठाण्यात कळवावे. मद्य घ्यायचे असलेल्या दिवशी शस्त्र कुलपातच राहावे, याला अपवाद नाही.

कायद्याने दिलेला स्वसंरक्षणाचा हक्कही शस्त्र घेण्यापूर्वी वाचून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे. संरक्षणासाठी आवश्यक तेवढीच इजा करता येते. ज्या प्रसंगी प्राणघातक बळ वापरता येते ते प्रसंग मोजून दिलेले आहेत, आणि पोलिसांची मदत घेण्यास अवसर असेल तेव्हा हा हक्क मिळत नाही. पैशांची पिशवी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घालणारा माणूस आपण स्वसंरक्षण केले असे न्यायालयात सहज पटवू शकत नाही. भांडणात धाक दाखवण्यासाठी शर्ट वर करून मूठ दाखवणे हाही स्वतंत्र गुन्हा होऊ शकतो. वकिलाशी एक तास बसून ही कलमे समजून घेण्यासाठी दिलेले पैसे होल्स्टरइतकेच आवश्यक मानावेत.

राहिले मनाई आदेश. नाशिक शहरात सण, मोर्चे, बंद यांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. ते वृत्तपत्रांत येतात आणि परवानाधारकांना कोणती सवलत आहे किंवा नाही, हे आदेशाचा मूळ मजकूर वाचूनच ठरवावे. २०२६-२७ च्या सिंहस्थाच्या काळात गोदाघाट, तपोवन आणि त्र्यंबकेश्वर परिसरात शस्त्र घेऊन जाण्याचा विचारच करू नये. निवडणूक जाहीर झाली की छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. अशा वेळी जमा करण्याआधी शस्त्र रिकामे असल्याची खात्री करावी, नेहमीपेक्षा जास्त तेल लावावे, कारण ते अनेक आठवडे ओलसर खोलीत राहणार असते, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक, बोअर व जमा केलेल्या काडतुसांची संख्या अंकी आणि अक्षरी लिहून घ्यावी. परत घेताना याच पावतीवरून काडतुसे मोजावीत, नळीत उजेड टाकून पाहावे आणि त्यानंतरच सही करावी.